ब्रेक दाबला की स्टीअरिंग थरथरतं: डिस्क बदलण्याआधी काय मोजायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: २०१७ची पेट्रोल हॅचबॅक, ६२ हजार किमी झालेली. एक्स्प्रेसवेवर नव्वदच्या वेगात ब्रेक दाबला की स्टीअरिंग डावी-उजवीकडे थरथरतं, पन्नासच्या खाली आलं की थांबतं. ब्रेक न लावता गाडी शंभरलाही शांत चालते. सहा महिन्यांपूर्वी गॅरेजवाल्याने ‘डिस्क बेंड झाल्यात’ म्हणून दोन्ही डिस्क (पुढच्या चाकांबरोबर फिरणाऱ्या, ब्रेक पकडतो त्या चकत्या) लेथवर मारून, म्हणजे घासून सपाट करून दिल्या. चार हजार किमी छान गेले, मग पुन्हा तेच सुरू झालं. आता नव्या डिस्क, पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पट्ट्या), दोन्ही लोअर आर्म (चाकांना खालून धरणारे सस्पेन्शनचे दांडे) आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) असं लांबलचक एस्टिमेट हातात आहे. यातलं खरंच काय लागणार?

डिस्क आणि पॅड बहुधा लागतील. अलाइनमेंटचा या थरथरीशी संबंध नाही. लोअर आर्मचं बघितल्याशिवाय सांगता येत नाही. पण नुसत्या नव्या डिस्क बसवून गाडी बाहेर काढलीत तर काही हजार किमीनंतर हाच प्रश्न पुन्हा विचाराल. तुमच्या वर्णनात सगळ्यात कामाची गोष्ट आहे ती म्हणजे मधले चार हजार किमी गाडी बरी होती. त्यावरूनच बिघाड कुठे आहे याचा बराचसा अंदाज येतो.

आधी धोक्याचं बोलून घेऊ. पंक्चर काढल्यावर किंवा सर्व्हिसिंग झाल्यावर एक-दोन दिवसांत थरथर अचानक सुरू झाली असेल, तर पुढचं वाचत बसू नका. गाडी बाजूला घेऊन पान्याने चाकांचे नट तपासा. नट ढिले राहिलेलं चाकही असंच हलतं. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत असेल, पेडल खाली जात असेल किंवा ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढली जात असेल, तरी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये. तुमच्या लक्षणांत यातलं काही दिसत नाही.

दुसरं, थरथर जाणवते कुठे ते बघा. स्टीअरिंगमध्ये असेल तर पुढची चाकं. सीटखाली, फरशीतून येत असेल तर मागची, आणि आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना मागे ड्रम असतात, तेही गोलाईतून जातात. खात्री करायची असेल तर सरळ, कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगात हँडब्रेकचं बटण दाबून धरून लिव्हर अगदी हळू वर घ्या. बटण सोडायचं नाही, म्हणजे हात खाली केला की ब्रेक लगेच सुटतो. थरथर आली तर मागे बघायचं, नाही आली तर पुढे. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकच्या गाडीत हा प्रयोग करू नये, आणि पावसात तर कुठल्याच गाडीत नाही.

जोरात ब्रेक दाबल्यावर किंवा खडीवर पायाखाली पेडल कुरकुरलं तर ते एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, बिघाड नाही. एप्रिल २०१९पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या कारना ते सक्तीचं आहे, त्यामुळे जुनी गाडी विकून नवी घेतलेले पुष्कळ लोक या कुरकुरीने घाबरतात. आणि ब्रेकला पाय न लावताच ऐंशी-नव्वदला स्टीअरिंग थरथरत असेल, तर तो चाकांच्या बॅलन्सिंगचा, वाकलेल्या रिमचा किंवा टायरला आलेल्या फुगवट्याचा विषय आहे. तुमची गाडी शंभरला शांत चालते, म्हणजे हे सगळं बाजूला पडलं.

मग नव्वदलाच का, आणि पन्नासखाली का नाही? समजा टायर १८५/६५ आर १५ आहे. त्याचा घेर जवळपास १.९५ मीटर. नव्वदच्या वेगात गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला तेरा वेळा फिरतं. साठला साडेआठ वेळा, तीसला जेमतेम सव्वाचार. डिस्कमध्ये एका जागी काही खोट असेल तर दर फेऱ्याला एक धक्का बसतो. पुढचं सस्पेन्शन आणि स्टीअरिंगची जुळणी यांची स्वतःची हेलकावण्याची लय साधारण सेकंदाला दहा ते वीस वेळा अशी असते. धक्क्यांची लय तिच्याशी जुळली की बारीकसा धक्काही मोठा होऊन हातात येतो. वेग उतरला की जुळणी तुटते. पन्नासखाली थरथर थांबली म्हणजे डिस्क नीट झाली असं नव्हे. धक्के चालूच असतात, हातापर्यंत पोहोचत नाहीत एवढंच.

अजून एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल: एकाच प्रवासात थरथर कधी जास्त, कधी कमी. वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त फिरतं. त्यामुळे डाव्या आणि उजव्या डिस्कच्या खोटी एकमेकींच्या तुलनेत सरकतात. दोन्ही धक्के आलटून-पालटून आले तर स्टीअरिंग जोरात हलतं. एकाच वेळी आले तर दोन्ही बाजूंची ओढ एकमेकींना मारते आणि थरथर स्टीअरिंगपेक्षा पेडलमध्ये जाणवते. ‘गॅरेजमध्ये नेली की नीट चालते’ या तक्रारीमागे कितीतरी वेळा हेच असतं.

आता मुख्य मुद्दा. ‘डिस्क बेंड झाली’ हे गॅरेजमधलं ठरलेलं निदान आहे, पण बिडाची जाडजूड डिस्क रोजच्या वापरात पापडासारखी वाकडी होत नाही. होतं ते असं, की ती काही जागी पातळ आणि काही जागी जाड होते. जाड भाग पॅडमधून जाताना पकड वाढते, पातळ भाग जाताना कमी होते, आणि ही कमी-जास्त ओढ टाय रॉडमधून (चाक आणि स्टीअरिंग जोडणाऱ्या दांड्यातून) स्टीअरिंगपर्यंत पोहोचते. हा फरक किती असावा लागतो? एका फेऱ्यात जाडीत ०.०१५ मिमी फरक पडला तरी पुष्कळ गाड्यांत थरथर कळते. डोळ्यांना तो दिसणार नाही, नखालाही लागणार नाही.

हा फरक येतो कुठून? बऱ्याचदा डिस्क हबवर (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या फिरणाऱ्या भागावर) सरळ न बसल्यामुळे. डिस्क किंचित तिरकी बसली की फिरताना ती डावी-उजवीकडे डुलते. गंमत म्हणजे नव्या डिस्कचं हे डुलणं ब्रेक मारताना कळतच नाही, कारण आपल्या गाड्यांचा कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) पिनांवर सरकणारा असतो आणि तो डिस्कबरोबर थोडा हलतो. त्रास होतो तो ब्रेक न मारता गाडी चालताना. पॅड तेव्हाही डिस्कला जवळजवळ टेकलेलेच असतात. डिस्कचा बाहेर आलेला भाग दर फेऱ्याला बाहेरच्या पॅडला चाटून जातो, आणि त्याच्या बरोबर समोरचा भाग आतल्या पॅडला. हजारो किमी असं चालत राहिलं की त्या दोन जागा झिजतात. थरथर सुरू होते ती तेव्हा, डिस्क बसवली त्या दिवशी नाही.

तुमचे ते चार हजार किमी म्हणजे हेच. लेथने डिस्कच्या दोन्ही बाजू समांतर केल्या, जाडीचा फरक संपला, गाडी शांत झाली. पण डिस्क हबवर परत चढली ती पूर्वीसारखीच तिरकी, आणि झीज नव्याने सुरू झाली. गॅरेजवाल्याने फसवलं असं मी म्हणणार नाही, त्याचं काम त्या दिवशी बरोबरच दिसलं असणार. मोजायचं राहिलं, एवढंच.

तिरकी बसण्याचं पहिलं कारण गंज. हबचा जो सपाट भाग डिस्कला टेकतो, त्यावर गंजाचा पापुद्रा धरतो. हबचा व्यास साधारण १३०-१४० मिमी, डिस्कचा २५० मिमीच्या आसपास. म्हणजे हबच्या कडेला ०.०५ मिमीचा कण अडकला तर डिस्कच्या कडेला तो जवळपास ०.१ मिमी होऊन डुलतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात चार पावसाळे काढलेल्या गाडीच्या हबवर असा पापुद्रा नसेल तरच नवल. तो नुसत्या फडक्याने निघत नाही. वायर ब्रश आणि एमरी पेपर लावून, नटांच्या स्टडभोवतालचं कडंसुद्धा घासून, धातू चकाकेपर्यंत साफ करावा लागतो. डिस्कची आतली बाजूही तशीच. नवी डिस्क असेल तर तिच्यावरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसून काढायचं.

दुसरं कारण नट आवळण्याची पद्धत. हवेच्या गनने एक नट खटाखट पूर्ण आवळला, मग शेजारचा, असं केलं की डिस्क आणि चाक तिरकं दाबलं जातं. नट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आणि शेवटी टॉर्क रेंचने (ठरावीक जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने) आवळायचे. लहान-मध्यम गाड्यांना आकडा साधारण ८५ ते १२५ न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. पंक्चरच्या दुकानात टॉर्क रेंच मिळणार नाही हे मान्य, पण ‘गन फक्त टेकवण्यापुरती वापरा, शेवटी हातपान्याने आवळा’ एवढं सांगता येतं. मी तर घरी आल्यावर नट पुन्हा सैल करून आपल्या रेंचने आवळतो. शेजारी हसतात, हसू देत.

व्हील बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) आला असेल तर हबच डुलतो, मग डिस्क कितीही सरळ असो. आणि कॅलिपरच्या पिना गंजून जाम झाल्या किंवा पिस्टन मागे सरकेनासा झाला तर पॅड सतत घासत राहतात. आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा निम्मा शिल्लक दिसला की समजायचं पिना जाम आहेत. पिनांना साधं चेसिस ग्रीस लावायची आपल्याकडे फार सवय आहे. पेट्रोलियमच्या ग्रीसने आतलं रबर फुगतं आणि पीन पुन्हा अडकते, म्हणून तिथे ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावायचं.

झिजेखेरीज आणखी एक वाट आहे, ती घाटातली. तुम्ही एक्स्प्रेसवेचा उल्लेख केलात म्हणून सांगतो. लोणावळा-खंडाळ्यावरून खोपोलीपर्यंत उतरण साधारण पाचशे मीटरची. माणसांसकट बाराशे किलोची गाडी ती उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते ती सुमारे १.६ युनिट विजेएवढी, म्हणजे दोन किलोवॉटचा गीझर पाऊण तासाहून जास्त चालावा इतकी. गिअरमध्ये उतरलात तर तिचा बराच भाग इंजिन आणि हवा घेते. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकलंत तर हवेने आणि टायरांनी घेतलेला भाग सोडून बाकी सगळी उष्णता ब्रेकमध्ये, त्यातही जास्त करून पुढच्या दोन डिस्कमध्ये जाते. (आणि पेट्रोल वाचतही नाही. इंजेक्शनच्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये उतरताना इंधनपुरवठा बंद असतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच.)

अशा तापलेल्या डिस्कनिशी खाली जाममध्ये पेडल दाबून उभे राहिलात, की पॅडचा माल त्या एका जागी डिस्कला चिकटतो. पॅडच्या आकाराचा काळसर ठसा उठतो. ठशाच्या जागी पकड वेगळी पडते, आणि थरथर काही हजार किमीची वाट न बघता त्याच प्रवासात सुरू होते. ठसा हलका असेल तर पुढे सांगितलंय तसं पॅड बसवण्याचं काम पुन्हा केल्याने तो निघतो. डिस्क खूपच तापली असेल तर मात्र त्या जागी बिडाची रचनाच बदलून कडक गाठी बनतात. निळसर डाग दिसतात, लेथवर मारूनही थोड्याच दिवसांत त्या जागा पुन्हा वर येतात. ती डिस्क बदलायचीच. म्हणून घाट उतरून थांबायची वेळ आली तर सपाट जागी पेडलवरून पाय काढावा, इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवावी, आणि ढाब्यावर तापलेल्या चाकांवर पाणी मारायला पाइप घेऊन धावत येणाऱ्या पोराला लांब ठेवावं.

आता मोजमाप. लागतं काय, तर मॅग्नेटिक स्टँडसह डायल गेज (बारीकसं हलणंही काट्याने दाखवणारं माप) आणि मायक्रोमीटर (जाडी अचूक मोजणारं माप). व्हर्निअरने (सरकत्या जबड्यांच्या मापपट्टीने) हे काम होत नाही. डिस्कच्या कडेला न झिजलेला काठ उरलेला असतो, व्हर्निअरचे जबडे त्या काठावरच टेकतात आणि भलताच आकडा मिळतो.

पुढचं चाक वर उचलून खाली स्टँड लावा, जॅकवर भरवसा नको. चाक काढायच्या आधी वर-खाली धरून हलवा. खुळखुळ लागली तर आधी बेअरिंग आणि बॉल जॉइंट (लोअर आर्मच्या टोकाचा सांधा) बघा. चाक काढल्यावर डिस्क हबवर सैल होते, म्हणून वॉशर घालून नट परत लावा आणि समान आवळा. हे न करता घेतलेलं माप फेकून द्यायच्या लायकीचं. गेजचं बूड नकलला (हबला धरणाऱ्या, न फिरणाऱ्या भागाला) चिकटवा, टोक डिस्कच्या कडेपासून साधारण १० मिमी आत टेकवा, आणि डिस्क हाताने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवा. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकड्यांतला फरक म्हणजे डुलणं. कंपन्यांच्या मर्यादा वेगवेगळ्या असतात, पण मी ०.०५ मिमीच्या आत आलं तरच समाधान मानतो, ०.१च्या पुढे गेलं तर ती डिस्क आज ना उद्या त्रास देणार. सगळ्यात वरची जागा खडूने खूण करून ठेवा. मग मायक्रोमीटरने त्याच अंतरावर आठ ठिकाणी जाडी मोजा. ०.०१५ मिमीपेक्षा जास्त फरक सापडला तर थरथरीचं उत्तर मिळालं.

यानंतर कॅलिपर उतरवा. तो तारेने टांगायचा, पाइपवर लोंबकळत सोडायचा नाही. डिस्क निघत नसेल तर हातोडा चालवण्याआधी तिच्यावर आटे पाडलेली दोन भोकं आहेत का बघा. बऱ्याच गाड्यांना असतात. त्यात बसणारे बोल्ट आलटून-पालटून आवळले की डिस्क सुटून हातात येते. हब साफ करा आणि उघड्या हबवरच गेज लावा. तिथे ०.०३ मिमीच्या वर आलं तर दोष हबचा किंवा बेअरिंगचा आहे. तिथे ठीक आलं तर डिस्क चढवून पुन्हा मोजा. अजूनही जास्त डुलत असेल तर डिस्क काढून एक भोक पुढे फिरवून बसवा, परत मोजा. चार नटांच्या गाडीत चार जागा मिळतात. हबचा आणि डिस्कचा बारीक दोष एका जागी एकमेकांत भर घालतो, दुसऱ्या जागी एकमेकांना मारतो. नव्या डिस्कलाही ही युक्ती लागू आहे, फुकट आहे, आणि तरी कुणी करत नाही.

तुमच्या डिस्क एकदा लेथवर गेल्या आहेत, त्यामुळे जाडी किती उरली हेही बघा. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. नवी डिस्क २२ मिमीची असेल तर ती बहुधा २०च्या आसपास. दुसऱ्यांदा मारून त्याच्या अगदी जवळ येत असेल तर लेथचे पैसे घालवू नका, नव्या जोडीने घ्या. एकाच बाजूची डिस्क बदलायची नाही. पॅडही नवेच घ्या, कारण जुन्या पॅडवर जुन्या डिस्कची चाकोरी उमटलेली असते.

लोअर आर्मबद्दल. ब्रेक लागला की चाक मागे ढकललं जातं आणि तो भार बऱ्याच लहान गाड्यांत लोअर आर्मच्या मागच्या बुशवर (सांध्यातल्या रबरावर) येतो. बुश फाटलेलं असेल तर डिस्कचा छोटा धक्काही मोठा होऊन येतो, शिवाय ब्रेक लावताना-सोडताना एक ‘टक्’ असा आवाज येतो. पहारेने आर्म हलवून बघायला सांगा. रबर चिरलेलं किंवा धातूपासून सुटलेलं दिसायला हवं. ६२ हजारांत ते गेलेलं असू शकतं, पण ‘किमी झाले म्हणून बदला’ हे कारण नाही. जिथे नुसतं बुश मिळतं आणि प्रेसवर बसवून देणारा कारागीर आहे, तिथे अख्खा आर्म घ्यायचीही गरज पडत नाही. आणि अलाइनमेंट म्हणजे या बाबतीत जखम मांडीला, मलम शेंडीला. आर्म किंवा टाय रॉड उघडला तर ते नंतर करावंच लागेल, पण थरथर त्याने जाणार नाही.

एस्टिमेट देणाऱ्याला एवढंच विचारा: “डिस्क बसवल्यावर हबवर गेज लावून दाखवणार का?” हो म्हणाला तर काम त्यालाच द्या, दोन पैसे जास्त गेले तरी. गेज नाही म्हणाला तर दुसरीकडे विचारा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेज असतो. तो कपाटातून बाहेर येईल असं बघणं तुमचं काम.

नवे पॅड बसल्यावर पहिले दोनशे-तीनशे किमी महत्त्वाचे. मोकळ्या रस्त्यावर मागे कुणी नाही हे बघून साठवरून वीसपर्यंत मध्यम जोराने ब्रेक लावा, पूर्ण थांबायचं नाही; मग अर्धा-एक किमी ब्रेकला हात न लावता चालवून थंड होऊ द्या. असं आठ-दहा वेळा. याने पॅडच्या मालाचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसतो. शेवटच्या वेळेनंतर पाच-सहा किमी तसेच चालवत राहा आणि पार्क केल्यावर डिस्क पूर्ण निवेपर्यंत हँडब्रेकऐवजी गिअरमध्ये ठेवा, उतारावर मात्र हँडब्रेक लागेलच. पहिल्याच आठवड्यात घाटाचा बेत असेल तर तो पुढे ढकला.